आधी ऐका, मग इंजिन खोला



आज पिकाचं काही लिहीत नाही. वाटाण्याची तोडणी चालू आहे, त्याचे फोटो उद्या टाकतो. आज गाडीचं लिहायचंय. गेल्या आठवड्यात पुण्याच्या मार्केट यार्डात माझ्या पिकअपचं चांगलं इंजिन उगाच खोललं जाणार होतं. थोडक्यात वाचलो. आणि हे माझ्या एकट्याचं नाही. आपल्या पुरंदरात दर गावात दोन-चार जण असे सापडतील, ज्यांनी नुसत्या आवाजावरून इंजिन बांधून घेतलं, पैसे घातले, आणि आवाज होता तिथंच राहिला.

कुणाला राग येईल तर येऊ दे. मिस्त्री लोकांना येईल, आपल्याच शेतकरी भावांना पण येईल. दोघांनाही बोलायचंय.

झालं असं. माझी पिकअप जुनी आहे. उन्हाळ्यात इंजिनानं ऑइल खायला सुरुवात केली, निळा धूर मारायला लागली. बांधायचा खर्च ऐकला आणि त्यापेक्षा दुसरं इंजिन टाकलेलं बरं असं ठरवलं. त्याच मॉडेलचं जुनं इंजिन मिळालं. चालू करून दाखवलं, आवाज गोड होता. गॅरेजला नेऊन दिलं. वाटाणा तोडायला आलेला. मी मिस्त्रीला सांगितलं, "परवा संध्याकाळी गाडी पाहिजे, मजुरी वाढवून देतो." त्यानं रात्री अकरापर्यंत बसून इंजिन चढवलं आणि शब्दाप्रमाणे गाडी दिली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

आठ-दहा दिवस गाडी चालली. मग हळूच एक आवाज यायला लागला. ठक-ठक-ठक. गाडी उभी असली, न्यूट्रलला असली की यायचा. थोडी रेस दिली की कमी. दिवे घाटात माल भरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना अजिबात नाही. हडपसरला गाडीतळाच्या गर्दीत थांबलो की परत ठक-ठक. मी काय केलं? जे सगळे करतात ते. टेपचा आवाज वाढवला.

त्या रात्री ३८ गोण्या वाटाणा घेऊन गुलटेकडीला पोचलो. गेटवर रांग. गाड्या इंच-इंच सरकत होत्या आणि माझ्या गाडीखालून कुणीतरी घण मारावा तसा आवाज. शेजारच्या टेम्पोवाल्यानं काच खाली करून बघितलं. आत गेलो, माल उतरवला, आणि जवळच एक गॅरेजवाला रात्रीचं काम करतो त्याला आणलं. त्यानं बॉनेट उचललं, चार सेकंद ऐकलं आणि निकाल दिला. "बेअरिंग गेलंय. क्रँक वाजतोय. इंजिन उतरवावं लागंल. हाफ इंजिन तरी धरून चाला."

चार सेकंद!

मी विचारलं, किती? पन्नास-साठ हजार. त्या दिवशीच्या पट्टीत तेवढे पैसे नव्हते. पुढच्या चार खेपांतही नसते.

आता एक सांगा. आपण मार्केट यार्डात माल नेतो तेव्हा घेणारा काय करतो? गोणीचं तोंड उघडतो, हात कोपरापर्यंत आत घालतो, तळातल्या शेंगा वर काढतो. दोन फोडून दाणा बघतो, एक तोंडात टाकतो. मग भाव बोलतो. चार हजाराच्या मालाला एवढी पारख. आणि साठ हजाराच्या इंजिनाला बॉनेट उचलून चार सेकंद? वरच्या शेंगा बघून आपल्या मालाला कुणी भाव ठरवला तर आपण भांडतो. इथं मात्र मान डोलावतो. का? तर मिस्त्री म्हणाला.

मी पण डोलावली. खोटं कशाला सांगू. "उतरवा" म्हणून सांगून टाकलं होतं.

तेवढ्यात शेजारचा एक वयस्कर ड्रायव्हर आला. जुन्नर भागातला, टोमॅटो घेऊन आलेला, गाडी रिकामी करून चहा पीत बसला होता. त्यानं मला एकच विचारलं. "दादा, क्लच दाबल्यावर काय होतं?"

मला माहीतच नव्हतं. दहा दिवस आवाज ऐकत होतो, पण क्लच दाबून बघितला नव्हता.

त्यानं सीटवर बसून क्लच हळूहळू दाबला. पाऊण दाबला तसा आवाज बदलला, पूर्ण दाबला तसा जवळजवळ गेला. सोडला, परत आला. मग त्यानं दुसरं काम केलं. माझं इंजिन जुन्या पंपाचं आहे. त्यानं नोझलच्या पाइपांचे नट एक-एक करून थोडे ढिले केले. एक सिलिंडर बंद पडला की इंजिन अडखळायचं, पण ठक-ठक तशीच. चारही सिलिंडर बघितले. आवाजात काही फरक नाही. मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला आणि मूठ कानाच्या हाडाला. पुढं लावला, मधे लावला, मागं गिअरबॉक्सच्या जोडावर लावला. मग तो माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुम्हीच ऐका."

पुढं काही नाही. मागं जोडावर लावला तर डोक्यात घण.

मग इंजिन बंद, चावी खिशात, बॅटरीची तार काढली. खालचा पत्रा खोलला. तिथून फ्लायव्हीलचे दात दिसतात. पहारीनं हळूच हलवलं. टक. परत. टक. फ्लायव्हील क्रँकवर खेळत होतं.

सकाळी गिअरबॉक्स खाली घेतला. फ्लायव्हीलच्या सहा बोल्टांपैकी चार बोटानं फिरतील इतके ढिले. बोल्ट जुनेच, भंगारातल्या इंजिनाबरोबर आलेले, तेच परत लावलेले. बाकी इंजिन? काही झालेलं नव्हतं. ऑइल काढून बघितलं, त्यात चमक नाही, प्रेशर बरोबर. माझं नशीब, की क्रँकची भोकं अजून खराब झाली नव्हती. नाना पेठेतून नवे बोल्ट आणले, बरोबर ताकदीनं आवळले. मजुरी धरून चार हजारांच्या आत काम झालं. साठ हजार आणि चार हजार, यातला फरक म्हणजे क्लच दाबून बघणं.

आता माझं म्हणणं ऐका.

इंजिन बदलल्यावर नवा आवाज आला, तर आधी इंजिनात शिरू नका. जिथं जिथं माणसाचा हात लागलाय तिथं बघा.

ही अक्कल साधी आहे. नवीन पाइपलाइन टाकली आणि दुसऱ्या दिवशी पाणी कमी आलं तर आपण विहीर खोल करायला जातो का? आधी जोड बघतो. वॉल्व्ह बघतो. कुठं गळतंय ते बघतो. मग इंजिन बदलल्यावर आवाज आला की थेट क्रँक का?

इंजिन बदलताना काय काय सुटतं आणि परत लागतं, मोजा. फाउंडेशनचे रबर आणि बोल्ट. सायलेन्सरचा पाइप. पंखा आणि त्याच्या भोवतीचं कडं. बेल्ट, पुली, डायनॅमो. डिझेलच्या नळ्या. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ रेषेत बसवणाऱ्या पिना. खालचा पत्रा. यातलं प्रत्येक जण आवाज करू शकतं, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो.

फाउंडेशन ढिलं असेल तर चालू-बंद करताना आणि क्लच सोडताना दणका बसतो. सायलेन्सरचा पाइप चेसीला टेकत असेल तर एका ठरावीक वेगालाच घरघर येते, पुढं-मागं येत नाही. पंखा कड्याला घासत असेल तर रेसबरोबर टिकटिक वाढते. बेल्टकडचा संशय असेल तर बेल्ट काढून गाडी अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर दुखणं पुढच्या पुलींत आहे. पण अर्ध्या मिनिटाच्या वर नको, पाण्याचा पंप पण त्याच बेल्टवर असतो. खालचा पत्रा वाकला असेल तर विळ्याला कानस लावल्यासारखा आवाज. डिझेलच्या नळीत हवा राहिली असेल तर इंजिन मधेच ठोकतं, मधेच अडखळतं. पंपाचं टायमिंग पुढं असेल तर कडक ठोकतं, थंड असताना जास्त.

यातल्या एकाही गोष्टीसाठी इंजिन खोलावं लागत नाही. एकाही नाही!

आणि क्लचची खूण प्रत्येकानं पाठ करा. दाबल्यावर आवाज गेला किंवा बदलला, तर बघायचं फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडं. दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग. दाबून-सोडून काहीच फरक नसेल, तर मग इंजिनाकडं वळा. ही शंभर टक्के पक्की खूण नाही, पण दिशा देते. दिशा न बघता गाडी चालवत नाही, मग पैसे का घालता?

एक इशारा. नोझलचा नट ढिला करायची युक्ती फक्त जुन्या पंपाच्या इंजिनाला. कॉमन रेलच्या गाडीला चुकूनही करू नका. मोटारीच्या चाकात साधारण २ बार हवा असते. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १००० बारच्या पुढं जातो. ती धार कातडी फोडून आत शिरते, हात गमवायची वेळ येते. तिथं हे काम स्कॅनरवाल्याकडूनच करून घ्या. पण स्कॅनरवाल्यालाही सांगा, की मशीन सेन्सरचं दुखणं सांगतं. ढिला बोल्ट मशीनला दिसत नाही. त्याला कानच लागतो.

कधी कधी खरंच बेअरिंग गेलेलं असतं, ते पण सांगतो. नाहीतर माझं वाचून कुणी गेलेलं इंजिन पळवत बसेल. ऑइलचा दिवा स्लोवर लुकलुकतो, गाडी तापल्यावर आवाज वाढतो, एका सिलिंडरचं डिझेल तोडलं की आवाज दबतो, ऑइलमध्ये चांदीसारखी चमक दिसते. अशा खुणा जुळल्या तर गाडी जागेवर बंद करा. एक किलोमीटरही नको. तेव्हा मिस्त्री "खोला" म्हणाला तर तो बरोबर आहे. माझं भांडण खोलण्याशी नाही. न ऐकता खोलण्याशी आहे.

आता मिस्त्री लोकांना. भाऊ, तुमचे कष्ट मला दिसतात. उन्हात गाडीखाली झोपून काम करणं सोपं नाही. पण चार सेकंदांत निकाल देणं ही हुशारी नाही. गिऱ्हाइकाला विचारा: आवाज कधी येतो, थंड की गरम, उभ्या गाडीला की लोडवर, क्लच दाबल्यावर काय, आणि त्याआधी गाडीत शेवटचं काम काय झालं? पाच प्रश्न. चहा संपायच्या आत होतात. आणि टॉर्क पाना घ्या. फ्लायव्हीलचे बोल्ट "हाताच्या अंदाजानं" आवळायचे नसतात. प्रत्येक इंजिनाला किती आवळायचं ते कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं, समोरासमोर टप्प्याटप्प्यानं आवळायचे असतात, आणि बऱ्याच इंजिनांना ते बोल्ट एकदा काढले की नवेच लावायला सांगितलेले असतात. सहा बोल्टांचे पैसे वाचवून काय मिळतं? ते फ्लायव्हील दहा किलोच्या वरचं लोखंड असतं, ड्रायव्हरच्या पायाजवळ मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असतं. दिवे घाटात, माल भरलेला असताना ते सुटलं असतं तर? मी आज लिहायला नसतो. शेजारी माझा मुलगा बसलेला होता.

आणि आता आपण शेतकरी. आपल्यालाही धुवायला पाहिजे.

मगाशी एक वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं होतं. "परवा संध्याकाळी गाडी पाहिजे." ते मी म्हणालो होतो, मिस्त्री नाही. त्यानं सांगितलं होतं की बोल्ट नवे आणू, सकाळी दुकान उघडल्यावर. मी म्हणालो, आहेत ते लाव, वाटाणा थांबत नाही. मजुरी वाढवून दिली आणि वेळ कमी केला. रात्री अकराला, एका बल्बच्या उजेडात, दमलेल्या माणसानं आवळलेले ते बोल्ट. त्याचा दोष आहे. पण अर्धा माझा आहे, आणि मी तो मोजून घेतो.

आपण बियाणं घेताना पिशवीवरचा लॉट नंबर बघतो, पावती जपून ठेवतो. यार्डात पट्टी घेतो, त्यात हमाली किती, तोलाई किती, एक-एक रुपया वाचतो. चुकला तर परत जातो. आणि गॅरेजचं बिल? "इंजिन काम" एवढे दोन शब्द आणि खाली आकडा. कुठले बोल्ट नवे, कुठले जुने, काही लिहिलेलं नाही. आपणही मागत नाही. मागा की! एका कागदावर लिहून घ्या. काय काढलं, काय नवं टाकलं, काय जुनंच लावलं. पुढं आवाज आला तर तोच कागद निम्मं निदान करतो.

जुनं इंजिन घेताना विकणाऱ्याची पावती आणि इंजिन नंबर पण घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीतल्या बदलाचं आणि इंजिन बदलाचं सांगितलंय. मंजुरी न घेता बदललं असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आरसी बुकावर एक नंबर आणि गाडीत दुसरा, असं असलं तर अपघात झाल्यावर विमेवाला पहिलं तेच काढतो. आणि इंजिन चोरीचं निघालं तर पोलीस आपल्या दारात येतात, भंगारवाल्याच्या नाही. मी स्वतः हे काम पंधरा दिवस पुढं ढकललं होतं. आता करून घेतलंय.

मला माहीत आहे काही जण काय म्हणतील. "आपण शेतकरी, आपल्याला इंजिनातलं काय कळतंय?"

काय बोलता राव. आपल्याला कळत नव्हतं का कधी? माझ्या लहानपणी विहिरीवर किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. १५०० फेऱ्यांचं, एका सिलिंडरचं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ला इथंच पुण्यात खडकीला सुरू झाली, आणि आपल्या भागात कितीतरी विहिरींवर त्यांचं यंत्र आलं. माझे वडील चौथी शिकलेले. ते दोन बांध पलीकडं बाजरी राखत असायचे आणि तिथून सांगायचे, "पळ, पाणी तुटलं." कसं कळायचं? विहिरीतलं पाणी फुटबॉलच्या खाली गेलं की पंप हवा ओढायचा. इंजिनावरचा भार उतरायचा, इंजिन हलकं होऊन एकदम पळायला लागायचं. तो बदल ते ऐकायचे. बायकाही ऐकायच्या. घरात भाकरी थापता थापता आई म्हणायची, आज इंजिन जड चालतंय, बघा जरा. चौथी शिकलेल्या माणसाला भार आणि आवाज यांचं नातं कळत होतं, आणि मी दहावी पास, मला क्लच दाबून बघायचं सुचलं नाही.

पुढं विजेच्या मोटारी आल्या. बटण दाबलं की पाणी. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपला कान गेला. आता आवाज आला की आपण मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि ग्रुपवर टाकतो, "कशाचा आवाज आहे, सांगा." वीस जण वीस उत्तरं देतात. अरे बाबा, गाडी तुझ्यासमोर उभी आहे. क्लच तुझ्या पायाखाली आहे.

दुसरे म्हणतील, "माल भरलेला असतो, परीक्षा करायला वेळ कुणाला आहे?" खरंय. वाटाणा गोणीत तापतो, मेथी सुकते, भाव सकाळी एक आणि उन्हं वर आल्यावर एक. पण हिशोब करा. त्या जुन्नरच्या माणसाला सगळी तपासणी करायला अर्धा तास लागला. इंजिन उतरवलं असतं तर गाडी किती दिवस उभी राहिली असती? ऐन तोडणीत. भाड्याची गाडी करावी लागली असती ती वेगळी. वेळ नाही म्हणून तपासणी करायची नाही, ही ती जुनीच घाई आहे. बोल्ट ढिले राहिले ते याच घाईनं.

त्या माणसाला मी पैसे द्यायला लागलो, घेतले नाहीत. म्हणाला, चहा पाजा. "कष्टाची भाकर"मध्ये दोघांनी झुणका-भाकर खाल्ली. निघताना विचारलं, हे कुठं शिकलात? म्हणाला, शिकलो कुठं, एकदा माझं चांगलं इंजिन खोलून बसलो होतो.

मी या पानावर खताचे हिशोब टाकतो, फवारणीचे टाकतो. आता गाडीचा पण टाकणार. आज सकाळी गाडीच्या डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवलीय. पहिल्या पानावर इंजिन नंबर, बसवल्याची तारीख, फ्लायव्हीलचे नवे सहा बोल्ट, किती आवळले तो आकडा, कुणी आवळले. हजार किलोमीटरला खालचा पत्रा खोलून परत बघायचं, ते पण लिहिलंय.

उद्या पहाटे परत यार्डात आहे, वाटाणाच घेऊन. कुणाची गाडी वाजत असेल तर या शेजारी. स्क्रू ड्रायव्हर आता माझ्या सीटखालीच असतो.